नोकरी गेली म्हणून मेडिक्लेम का जावा?

दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास मी एक एक्सेल फाईल विमा ब्रोकरला पाठवत असे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं एचआरमध्ये होते आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं मेडिक्लेमचं काम माझ्याकडे होतं. फाईलमध्ये दोन शीट असत. एकीवर नवे आलेले, तिला ‘ॲडिशन’ म्हणायचं. दुसरीवर गेलेले, ती ‘डिलीशन’. कामगार क्रमांक, नाव, नातं, जन्मतारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘डेट ऑफ लीव्हिंग’. एकेका माणसाच्या नावाखाली चार-पाच ओळी असायच्या: तो, बायको, दोन मुलं, कुणाची आई. कंपनी सोडायचा एकटा माणूस, यादीतून जायचे पाच जण.

ऑगस्ट २०२२ च्या यादीत टूलरूममधल्या नानांचं नाव होतं. नाना आम्ही सगळे म्हणायचो, वय तसं सेहेचाळीसच. पगार बत्तीस हजारांच्या घरात. त्या वर्षी टूलरूमचं काम बाहेर वेंडरकडे द्यायचं ठरलं आणि सात जणांना हिशेब देऊन मोकळं केलं. कायद्याप्रमाणे एका महिन्याचा नोटीस पे, झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी, सगळं व्यवस्थित. शेवटचा दिवस ३० ऑगस्ट, हरतालिका. दुसऱ्या दिवशी घरोघरी गणपती बसणार होते.

नानांच्या पत्नीचं पिशवीचं ऑपरेशन ठरलेलं होतं. डॉक्टर ऑगस्टमध्येच करून घ्या म्हणत होते. त्या म्हणाल्या, गौरी जेवू देत, मग करू. पाच सप्टेंबरला गौरी गेल्या. सात तारखेला सकाळी उपाशीपोटी त्या मुंबई नाक्याजवळच्या एका रुग्णालयात दाखल व्हायला गेल्या. अकराच्या सुमारास मला नानांचा फोन आला. “मॅडम, कार्ड चालत नाही म्हणताहेत. खिडकीवरची मुलगी म्हणतेय पॉलिसी बंद दिसतेय. जरा बघता का?”

मी काय बघणार? तिला संगणकावर जे दिसत होतं ते मीच पाठवलेलं होतं.

त्या दिवशी नाना त्यांना तसंच घरी घेऊन गेले. पंधरा दिवसांनी पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून ऑपरेशन झालं. ब्याण्णव हजार खर्च आला. रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजनेतही ते तेव्हा बसत नव्हते. वहिनी बऱ्या झाल्या, एवढं चांगलं झालं.

आता याचा दुसरा हिशेब सांगते, जो नानांना कधी कळला नाही. आमच्या पॉलिसीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. नानांच्या कुटुंबाचा वर्षाचा हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास होता आणि कंपनीने तो जानेवारीतच भरलेला होता. नाव वर्षाच्या मध्ये काढलं आणि त्या कुटुंबाने क्लेम घेतलेला नसला की उरलेल्या महिन्यांचा हप्ता विमा कंपनी परत करते. तो कंपनीच्या सीडी खात्यात, म्हणजे आगाऊ ठेवलेल्या रकमेच्या खात्यात जमा होतो आणि पुढे नव्या भरतीच्या नावांसाठी वापरला जातो. नानांच्या चार महिन्यांचे साडेचार हजार रुपये असे परत आले. साडेचार हजार वाचले आणि एका घरातल्या पाटल्या गेल्या. मी अकाउंट्सला पाठवलेल्या स्टेटमेंटवर ती ओळ पाहिली, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

यात कुणा एका मालकाचा दुष्टपणा नाही. सातपूर असो, अंबड असो, गोंदे किंवा सिन्नर असो, सगळीकडे हीच पद्धत आहे. ग्रुप पॉलिसी ‘कर्मचारी’ या शब्दावर उभी असते. माणूस कर्मचारी राहिला नाही की त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं संरक्षण त्याच दिवशी संपतं. नोटीस पे देऊन सप्टेंबरचा पगार नानांच्या हातावर ठेवला गेला, पण त्याच सप्टेंबरचा मेडिक्लेम त्यात धरला गेला नाही. पगाराच्या बाबतीत कायद्याला वाटलं की माणसाला सावरायला एक महिना तरी लागतो. आजारपणाच्या बाबतीत तेवढाही अवधी कुणाला द्यावासा वाटला नाही.

गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे: आपल्याच देशात याहून शहाणी पद्धत पाऊणशे वर्षांपासून आहे. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. त्यात वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ वेगवेगळे ठेवलेले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत कापलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे एखाद्या हेल्परचं काम ऑगस्टअखेर सुटलं तरी त्याचं कार्ड पुढच्या जूनपर्यंत जिवंत राहू शकतं. किमान पाच वर्षं विमाधारक राहून जो कामगार वयोमानाने निवृत्त होतो, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात. वर्षाला एकशेवीस. ईएसआयच्या रुग्णालयांबद्दल लोकांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण काम सुटल्याच्या दिवशी आजारपण सुटत नाही, ही गोष्ट तो कायदा लिहिणाऱ्यांना कळलेली होती.

नाना पूर्वी ईएसआयमध्येच होते. जानेवारी २०१७ मध्ये ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये झाली. पुढच्या वर्षी नानांचा पगार वाढला, ते मर्यादेबाहेर गेले आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आले. तेव्हा पेढे वाटले होते त्यांनी. आता सातपूरच्या रांगेत उभं राहायला नको, कुठल्याही चांगल्या दवाखान्यात जाता येईल, असं म्हणाले होते. पगार वाढल्यामुळे आपल्या डोक्यावरचं छप्पर नोकरीच्या एका खांबावर आलंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

‘पण ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं की,’ असं जाणकार म्हणतील. येतं. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीची वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एकच, पॉलिसी घेण्याचा पर्याय आहे. याला मायग्रेशन म्हणतात. आधीपासूनच्या आजाराचा क्लेम पॉलिसी घेतल्यावर काही वर्षं मिळत नाही, त्याला प्रतीक्षाकाळ म्हणतात; ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्यात मोजली जातात. कागदावर ही सोय चांगली आहे. मग माझ्या नऊ वर्षांत किती जणांनी ती घेतली? माझ्या हातून फक्त दोन अर्ज गेले, आणि दोन्ही ऑफिसमधल्या लोकांचे. शॉप फ्लोअरवरचा एकही नाही. हिशेबाच्या दिवशी माणसाच्या हातात रिलीव्हिंग लेटर, पीएफचे कागद, सह्यांसाठी क्लिअरन्सचा फॉर्म असे चार-पाच कागद येतात. त्यात मायग्रेशनबद्दल एक ओळही नसते. देण्याची सक्ती असती तर मी ती नक्की दिली असती.

आणि ज्याला माहीत असतं त्याच्यापुढे दुसरी भिंत उभी राहते. ग्रुपमधून येणाऱ्या अर्जाची विमा कंपनी नव्याने छाननी करते. ग्रुप पॉलिसीत शुगर-बीपी विचारत नाहीत, पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. वैयक्तिक पॉलिसीच्या फॉर्मवर तेच आजार लिहिले की वैद्यकीय तपासणी, वाढीव हप्ता, कधी सरळ नकार. त्या दोन अर्जांपैकी एक नाकारला गेला. त्या गृहस्थांना आधी स्टेंट बसवलेला होता आणि तो क्लेम त्याच विमा कंपनीने दिलेला होता. ज्या आजारामुळे माणसाला विमा हवा, त्याच आजारामुळे तो मिळत नाही. अशा हक्काला हक्क कसं म्हणायचं?

घरातली सुशिक्षित मंडळी म्हणतात, प्रत्येकाने स्वतःची वेगळी पॉलिसी घेऊन ठेवावी, कंपनीवर विसंबून राहू नये. सल्ला बरोबर आहे. माझ्या भाच्याला मी तोच देते, तो सव्वीस वर्षांचा आहे. अलीकडे दोन गोष्टी सुधारल्याही आहेत: एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. पण पंचेचाळिशीतल्या, बत्तीस हजार पगाराच्या, गृहकर्ज आणि दोन मुलांच्या फी भरणाऱ्या माणसाला कंपनीची पॉलिसी असताना वर्षाला आणखी वीस-पंचवीस हजार बाजूला काढ म्हणणं म्हणजे त्याच्या घरचं गणित न बघता दिलेला सल्ला. तो माणूस निष्काळजी असतो म्हणून दुसरी पॉलिसी घेत नाही असं नाही. त्याच्याकडे ती घेण्याएवढे पैसे नसतात.

सरकारी योजनेचं काय? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. सत्तरीपुढच्यांसाठी केंद्राची आयुष्मान वय वंदना योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. या दोन्हींचं मी मनापासून स्वागत करते, आणि आज एखाद्याची नोकरी गेली तर पहिल्यांदा आयुष्मान कार्ड काढून घे असंच सांगेन. पण फुले योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांनाच लागू आहे. ज्या डॉक्टरांकडे वहिनींचे वर्षभराचे कागद होते ते अंगीकृत रुग्णालयात असतीलच असं नाही. उपचार अर्ध्यावर असताना डॉक्टर बदलणं काय असतं, हे ज्याने घरात केमो किंवा डायलिसिस पाहिलंय त्याला सांगायला नको.

अमेरिकेत या प्रश्नावर १९८६ पासून कायदा आहे. कोब्रा असं त्याचं संक्षिप्त नाव. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेली, तर गंभीर गैरवर्तनाचं कारण नसल्यास, माणसाला कंपनीच्याच गटविम्यात अठरा महिन्यांपर्यंत राहता येतं. कर्मचारी वारला किंवा घटस्फोट झाला तर जोडीदार आणि मुलांना छत्तीस महिन्यांपर्यंत. निर्णय घ्यायला साठ दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत होकार देऊन हप्ता भरला तर संरक्षण मागच्या तारखेपासून धरलं जातं. नानांना ही एवढी एक सोय असती तर सात सप्टेंबरचा तो फोन आलाच नसता.

पण त्या कायद्याचा दोषही मोठा आहे आणि आपण तो उचलू नये. हप्त्याचा कंपनीचा वाटा आणि स्वतःचा वाटा, दोन्ही माणसानेच भरायचे, वर दोन टक्के कारकुनी खर्च. म्हणजे पूर्ण हप्त्याच्या एकशे दोन टक्के, तेही पगार बंद झाल्यावर. अमेरिकेतले हप्ते अवाढव्य. त्यामुळे अनेक जण तो हक्क सोडून देतात आणि जे धरून ठेवतात त्यांच्यात आजारी माणसं जास्त असतात. विमा कंपन्यांची तक्रार इथूनच सुरू होते: जायचं की राहायचं हे माणसावर सोडलं तर आजारीच राहणार, क्लेम वाढणार, आणि पुढच्या वर्षी कामावर असलेल्या सगळ्यांचा हप्ता चढणार.

ही तक्रार मी उडवून लावणार नाही. नूतनीकरणाच्या बैठकीत क्लेम रेशो, म्हणजे हप्त्याच्या तुलनेत किती क्लेम गेले ते प्रमाण, समोर ठेवून ब्रोकर हप्ता कसा वाढवतात, ते मी दर डिसेंबरला पाहिलेलं आहे. पण तिच्यावरचा उपाय त्या तक्रारीतच आहे. निवड करायला लावूच नका. ज्या वर्षाचा हप्ता भरून झाला आहे, ते वर्ष संपेपर्यंत गेलेल्या प्रत्येकाचं नाव आपोआप राहू द्या: धडधाकट पंचविशीतला ट्रेनीही, नानाही. गट जानेवारीत होता तसाच राहिला तर त्यात आजारी माणसांचंच प्रमाण वाढण्याचा प्रश्न येत नाही. विमा कंपनीने जोखीम मोजून ज्या माणसांचे वर्षाचे पैसे घेतले, त्याच माणसांना ती वर्षभर सांभाळते आहे. यात तिचा तोटा कुठे झाला?

वर्ष संपल्यावर मात्र हप्ता माणसाने स्वतः भरावा, आणि आणखी बारा महिने त्याच गटात, त्याच दराने राहण्याचा त्याला हक्क असावा. आपल्याकडे हे परवडण्याजोगं आहे. गटाचा हप्ता वैयक्तिक पॉलिसीपेक्षा स्वस्त पडतो, कारण गटात तरुण पोरं असतात. साडेतेरा हजार रुपये नानांनी हिशेबाच्या पैशांतून आनंदाने बाजूला काढले असते. आणि त्यानंतर वैयक्तिक पॉलिसीत जाताना ज्याने गटात सलग तीन वर्षं काढली आहेत त्याची नव्याने वैद्यकीय छाननी करू नये. जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त प्रतीक्षा तीन वर्षांचीच असेल, तर ती त्याने आधीच भोगलेली आहे.

छोट्या उद्योजकांची बाजू मला ठाऊक आहे. अंबडमध्ये पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपचे मालक स्वतः मशीनवर उभे राहतात, पेमेंट नव्वद-नव्वद दिवस अडकतं. त्यांच्यावर आणखी एक बोजा नको, हे मान्य. पण हा नवा बोजा नाहीच, पैसे जानेवारीतच गेलेले आहेत. सोडायचा आहे तो फक्त परतावा. आणि हे करता येतं याचा पुरावा आहे: मे २०२० मध्ये स्विगीने अकराशे जणांना कमी केलं, तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या कुटुंबाचा आरोग्य विमा डिसेंबरअखेरपर्यंत चालू ठेवण्याचं जाहीर केलं. त्याच्या महिनाभर आधी, १५ एप्रिलला, केंद्रीय गृहखात्याच्या आदेशाने कामाच्या ठिकाणी कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता. गरज पटली की सरकार हे एका आदेशात करू शकतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या. कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरावा, अशी तरतूद त्यात आहे. काम गेल्यानंतरच्या माणसाचा विचार करण्याची सुरुवात झाली, हे चांगलंच. पण नवं कौशल्य शिकायला आधी माणूस धड असावा लागतो. पीएफचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, पैसा माणसामागून जातो. आरोग्याच्या विम्याला तसा क्रमांक नाही.

आणि एक यादी असते, तिच्याबद्दल लिहायला जड जातं. कर्मचारी वारला की त्याचीही डिलीशन. दहाव्याच्या आत त्याच्या बायकोचं, मुलांचं नाव निघालेलं असतं. बहुतेक ठिकाणी हे असंच होतं, कारण फॉर्ममध्ये कारणाचा वेगळा रकाना नसतो, सगळ्यांना एकच तारीख. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी अशा तीन घरांच्या ओळी भरल्या. त्यातल्या एका घरात आईसुद्धा ऑक्सिजनवर होती. तिचं नाव मी पुढच्या महिन्याच्या यादीत ढकललं. नियमाने ते चूक होतं आणि मी ते पुन्हा करीन.

नानांच्या प्रकरणानंतर डिसेंबरमध्ये नूतनीकरणाला ब्रोकर आले, तेव्हा मी विचारलं की सोडून गेलेल्यांची नावं वर्षअखेरपर्यंत ठेवायची असतील तर काय करावं लागेल. ते म्हणाले, “एक कलम घालावं लागेल मॅडम. विमा कंपनी देते, पण इथे कुणी मागितलंच नाही आजवर.” दोन दिवसांनी त्यांनी आकडा पाठवला. दसऱ्याला कारखान्यात वाटतात त्या मिठाईच्या खर्चापेक्षा तो कमी होता. मी एका पानाची टिपणी केली, नानांचं नाव न घालता त्यांची हकीकत लिहिली, आकडा खाली मांडला आणि फाईल वर पाठवली. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. माझ्या जागी आलेल्या मुलीला चार्ज देताना त्या फाईलचा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. तोपर्यंत त्या फाईलवर सही झालेली नव्हती. त्या महिन्याच्या डिलीशनच्या यादीत माझं नाव तिनेच भरलं.